पेटंट संपलं म्हणे, मग माझी गोळी अजून महाग का?

मागच्या अंकात मी याच पानावर एका ओळीत लिहून गेले की एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या औषधाचं पेटंट संपलंय, आता गोळी स्वस्त मिळणार. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं पूर्ण पान त्यालाच द्यावं लागलं. आणि बरंच झालं, कारण ती ओळ अर्धीच होती. औषध कंपनीच्या क्वालिटी आणि नंतर रेग्युलेटरी डिपार्टमेंटमध्ये माझी बरीच वर्षं गेली, तिथे हे शब्द रोजचे असतात, पण घरी औषधाची पिशवी घेऊन बसलेल्या माणसाला त्यातलं काय उपयोगाचं ते सांगायचं राहून जातं. तर घेते एकेक.

ताई, माझे यजमान ६८ वर्षांचे, शुगर आणि हार्ट दोन्हीचा त्रास. एम्पाग्लिफ्लोझिन १० एमजीची एक गोळी रोज, चार वर्षं झाली. तुम्ही लिहिलंत पेटंट संपलं, पण आमच्या फार्मसीत तोच भाव, महिन्याला अठराशेच्या आसपास जातात. विचारलं तर म्हणतो चिठ्ठीवर आहे तेच देतो. मग नक्की संपलं काय? — एक वाचक, फोंडा

काकी, तुमचा प्रश्न वाचून मला खरंच टोचलं, कारण तुम्ही वर्षभर दर महिन्याला जास्तीचे पैसे भरताय आणि ते कोणीच तुम्हाला सांगितलेलं नाही.

आधी संपलं काय ते सांगते. आपल्याकडे खाजनातल्या मानशीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, पावणी म्हणजे लिलाव होतो ना, ज्याने पावणी घेतली त्यानेच मुदतीपर्यंत तिथे मासे धरायचे, बाकीच्यांनी जाळं टाकायचं नाही. पेटंट म्हणजे तेवढंच. दुसऱ्याला अडवायचा हक्क, मुदतीचा. एम्पाग्लिफ्लोझिनची ती मुदत भारतात ११ मार्च २०२५ ला संपली, त्या दिवसापासून लायसन असलेली कुठलीही कंपनी ती गोळी करून विकू शकते. पण ज्याची पावणी संपली त्याला कोणी मासे धरू नको असं म्हणत नाही ना, आणि तू स्वस्त वीक असंही म्हणत नाही. मूळ कंपनीचा ब्रँड तसाच चालू राहतो, कारण ब्रँडचं नाव हे पेटंट नव्हे, तो ट्रेडमार्क, दर १० वर्षांनी फी भरून रिन्यू करत गेलं की तो कधीच संपत नाही. भावाचंही तसंच, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जे औषध असतं त्याला कमाल किंमत ठरवून दिलेली असते, यादीबाहेरच्या औषधाला मात्र एवढंच बंधन की वर्षाला १० टक्क्यांहून जास्त एमआरपी वाढवायची नाही. अशा औषधाचं पेटंट संपलं म्हणून भाव कमी करा असं सांगणारं कलम नाही.

भाव उतरतो तो दुसरे विकणारे आल्यामुळे. म्हापशाच्या बाजारात पहिला मानकुराद येतो तेव्हा डझनाचा भाव ऐकून आपण नुसतं बघून पुढे जातो, आणि दहा-बारा जणी टोपल्या घेऊन बसल्या की तोच आंबा आपल्याला परवडायला लागतो, आंबा काही बदललेला नसतो. एम्पाग्लिफ्लोझिनमध्ये हे फार लवकर घडलं. मूळ ब्रँडची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती, पेटंट संपल्यावर काही दिवसांतच एकामागून एक भारतीय कंपन्यांनी आपले ब्रँड आणले आणि एका कंपनीने तर १० एमजीची गोळी साडेपाच रुपयांच्या आसपास लावली. आता हिशेब करा, साठ रुपयांनी महिन्याला १८०० आणि साडेपाच रुपयांनी १६५. वर्षाला जवळजवळ वीस हजारांचा फरक, एका गोळीत.

मग घोडं कुठे अडलं? तुमच्या चिठ्ठीवर. डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी ब्रँडचं नाव लिहिलं, तेव्हा स्वस्त गोळी नव्हतीच, आणि तीच चिठ्ठी रिपीट होत आली. फार्मसीवाल्यावर रागावू नका. औषध नियमांमध्ये नियम ६५ म्हणून आहे, त्यानुसार शेड्युल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या यादीतलं, औषध असेल तर चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरं औषध, मग आतला घटक तोच असला तरी, फार्मसिस्टला आपल्या मनाने देता येत नाही. तो म्हणतो ते कायद्याने बरोबर आहे. डॉक्टरांनी जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडच्या नाही तर आतल्या घटकाच्या नावाने, लिहावं असा मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये नियम केला होता, २०२३ मध्ये तिच्या जागी आलेल्या नव्या मेडिकल कमिशनने जास्त कडक नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगित ठेवले. म्हणजे फार्मसिस्टला बदलता येत नाही, डॉक्टर जुनंच लिहितात, आणि पैसे पेशंट भरतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यात कोणाचा दुष्टपणा पण नाही, नुसतं कोणी विचारत नाही म्हणून चाललंय.

तुम्ही एवढंच करा. रिकामी स्ट्रिप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, डॉक्टर, याचं पेटंट संपलंय ना, यातलाच घटक तेवढ्याच एमजीचा दुसऱ्या कंपनीचा चालेल का, आणि चालत असेल तर तसं लिहून द्या. बहुतेक डॉक्टर दोन मिनिटांत लिहून देतात. एक मात्र बघून घ्या, स्ट्रिपवर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, तिथे एम्पाग्लिफ्लोझिन एकटंच आहे की बरोबर मेटफॉर्मिन किंवा लिनाग्लिप्टिन पण आहे. जोडगोळी असेल तर नवीन पण तीच जोडगोळी पाहिजे. आणि स्वतःच्या मनाने बदलू नका, हार्टचं पेशंट आहे.

आमच्याच घरातलं सांगते. सासऱ्यांना विल्डाग्लिप्टिन होतं, त्याचं पेटंट डिसेंबर २०१९ ला संपलं, भाव पार खाली आले, आणि मी या धंद्यात असून आमच्या घरी २०२१ च्या चवथीपर्यंत जुनाच महाग ब्रँड येत होता. नणंदेने बिल हातात दिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहिलं.

मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका फार्मा कंपनीत पॅकिंगला आहे. कधी कधी एखाद्या नव्या प्रॉडक्टच्या बॅचेस होतात आणि बॉक्स बरेच महिने तसेच राहतात, सुपरवायझर म्हणतो पेटंट संपलेलं नाही अजून. मग पेटंट असताना आम्ही बनवतो ते चालतं का? — वेर्णा

चालतं, पण कुठल्या कामासाठी बनवताय त्यावर आहे बाबा.

नवीन जेनेरिक, म्हणजे त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं औषध, बाजारात आणायचं तर आधी ते बनवून बघावं लागतं, टिकतं का ते महिनोनमहिने कपाटात ठेवून तपासावं लागतं, माणसांवर बायोइक्विव्हॅलन्स करावं लागतं, म्हणजे मूळ औषधाएवढंच रक्तात उतरतं का ते बघायचं, मग ते कागद सरकारला द्यायचे. याला दोन-तीन वर्षं जातात. पेटंट संपल्यावर हे सुरू केलं असतं तर मूळ कंपनीला ती दोन-तीन वर्षं फुकट मिळाली असती, कागदावर पेटंट संपलेलं आणि बाजारात दुसरा कोणीच नाही. अमेरिकेत १९८४ साली नेमकं हेच झालं, बोलार नावाच्या कंपनीने झोपेच्या औषधाची मुदत संपायच्या आधी चाचण्या केल्या, रोशने केस घातली आणि कोर्टाने सांगितलं की चाचणीसाठी बनवणं हाही पेटंटचा भंगच. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदाच बदलला. म्हणून आजही या सवलतीला सगळे बोलार म्हणतात. आपल्या पेटंट कायद्यात ती कलम १०७ए मध्ये आहे, आणि त्यात फक्त भारतातल्या नाही तर बाहेरच्या देशातल्या परवानगीसाठी लागणारी माहिती तयार करणंही बसतं. दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये तर हेही मान्य केलं की त्या कामासाठी माल निर्यात करता येतो.

तेव्हा तुमच्याकडचे ते बॉक्स स्टॅबिलिटीचे, व्हॅलिडेशनचे, म्हणजे औषध टिकतं का आणि बनवायची पद्धत बरोबर आहे का ते तपासायचे असतील तर काही प्रश्न नाही. विकायचा साठा मुदतीच्या आधी करून ठेवणं मात्र या सवलतीत येत नाही, कारण पेटंट असताना बनवणं हेसुद्धा मालकाच्याच हक्कात येतं. पण त्यातही मेख अशी की पेटंट देशादेशाचं वेगळं असतं. अमेरिकेत पेटंट आहे आणि भारतात कधी घेतलंच नाही किंवा मिळालंच नाही, असं औषध वेर्ण्याला बनवणं भारतात भंग नाही, ते अमेरिकेत उतरवणं हा भंग. म्हणून तुमच्या सुपरवायझरला विचारायचं झालं तर हे विचारा, पेटंट कुठल्या देशातलं.

अमेरिकेसाठी माल असेल तर आणखी एक गोष्ट आहे, तुम्ही बॉक्सवर लेबल लावता त्यामागची धावपळ त्यामुळे कळेल. तिथल्या १९८४ च्या कायद्यानुसार जी जेनेरिक कंपनी पहिल्यांदा अर्ज करून सांगते की हे पेटंट टिकणारं नाही किंवा आम्ही ते मोडत नाही, तिला १८० दिवस एकटीला विकायला मिळतात, इतर जेनेरिकना तेवढे दिवस परवानगी नाही. मूळ कंपनीने ४५ दिवसांत केस घातली की तीस महिनेपर्यंत परवानगी अडकते. मी कंपनीत असताना असं एक प्रॉडक्ट होतं, आम्ही तीन शिफ्टमध्ये बॅचेस काढल्या, डॉक्युमेंट रात्री बारा बारा वाजेपर्यंत सह्या करून पूर्ण केली आणि मग तिकडच्या कोर्टाचा निकाल लांबला. माल पडून, त्याची शेल्फ लाइफ रोज एकेक दिवसाने कमी होतेय, आणि तिकडे पेशंट महाग गोळी घेतायत. त्या १८० दिवसांत भाव थोडाच उतरतो कारण दुकानात दोघेच, खरा उतरतो ते १८० दिवस संपून बाकीचे आठ-दहा जण आत शिरले की. पुन्हा मानकुरादच.

वजन कमी करायचं ते इंजेक्शन, सेमाग्लुटाइड, त्याचं पेटंट संपलं असं एकजण म्हणतो आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो अजून कितीतरी वर्षं आहेत. खरं कोण बोलतो? — पर्वरी

दोघेही. भारतातल्या मूळ पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, अमेरिकेत ती २०३१-३२ पर्यंत जाते. म्हणून बाहेरच्या बातमीतली तारीख आपल्याला लागू आहे असं कधीच धरू नका.

पण यातलं कॅनडाचं मला जास्त सांगावंसं वाटतं, कारण पेटंट आणि एकट्याने विकायचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे त्यातून एकदम कळतं. कॅनडात पेटंट चालू ठेवायला दर वर्षी फी भरावी लागते, आणि सेमाग्लुटाइडच्या कंपनीने ती भरली नाही, रक्कम म्हणाल तर काहीशे डॉलर. पेटंट गेलं, कायमचं. तरी तिथे वर्षानुवर्षं एकही जेनेरिक आलं नाही. का, तर कॅनडाच्या कायद्यात डेटा प्रोटेक्शन आहे, नवीन औषधाच्या चाचण्यांची जी माहिती कंपनीने सरकारला दिली तिच्या आधारावर दुसऱ्याला ८ वर्षं परवानगी द्यायची नाही. औषध मंजूर झालं जानेवारी २०१८ ला, म्हणून हे कुंपण टिकलं जानेवारी २०२६ पर्यंत. पेटंट नाही आणि मक्तेदारी आहे, अशी ती मधली वर्षं.

अमेरिकेत असंच नवीन रसायनाला ५ वर्षं, दुर्मिळ आजाराच्या औषधाला ७, बायोलॉजिकला, म्हणजे जिवंत पेशींतून बनवलेल्या औषधाला, १२ आणि मुलांवर अभ्यास केला तर वर ६ महिने. युरोपात तर मिळून १० वर्षं, कधी ११. भारतात असं डेटाचं कुंपण नाही. व्यापार करारांच्या बोलण्यांत बाहेरचे देश ते मागत असतात आणि आपण ते देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते आलं तर उद्या पेटंट फेटाळलेल्या औषधालाही मागच्या दाराने मक्तेदारी मिळेल.

आणि हो, इंजेक्शन स्वस्त झालं म्हणून डॉक्टरांशिवाय घेऊ नका, ते चिठ्ठीवरचंच औषध आहे.

पेटंट २० वर्षांचं म्हणता, पण मग कंपन्या रडतात की आम्हाला दहाच वर्षं मिळतात. आणि शोध लावणाऱ्याला पैसे मिळायला नकोत का? — डिचोली

२० वर्षं मोजतात ती अर्ज केल्याच्या तारखेपासून, दुकानात आल्यापासून नाही. अर्ज होतो रेणू हातात आला तेव्हाच, मग प्राण्यांवर, माणसांवर तीन टप्प्यांत चाचण्या, मंजुरी, यात दहा-बारा वर्षं जातात. अमेरिकेत आणि युरोपात त्याबद्दल ५ वर्षांपर्यंत भर घालून देतात, आपल्याकडे भर नाही, २० म्हणजे २०.

मिळायलाच पाहिजेत पैसे. १९७० च्या आपल्या कायद्यात तर औषधाच्या पदार्थावर पेटंटच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीवर होतं, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने तेच औषध कोणीही करू शकत होतं आणि त्यातूनच आपला जेनेरिक उद्योग उभा राहिला, वेर्णा आणि कोलवाळसकट. १ जानेवारी २००५ पासून पदार्थावर पेटंट द्यायला लागलो. मी त्याच्या विरुद्ध नाही. माझी तक्रार एकविसाव्या वर्षाबद्दल आहे, म्हणजे मुदत संपल्यावरही हक्क ताणण्याबद्दल, त्यावरच पुढचा प्रश्न आहे.

माझ्या बहिणीला संधिवात, तिला इथे अडालिमुमॅबचं इंजेक्शन दिलं. तिची मुलगी अमेरिकेत नर्स आहे, ती म्हणते इथे तर हे स्वस्त व्हायला २०२३ उजाडलं. एकच औषध, एवढा फरक कसा? — मडगाव

बरोबर सांगते तुमची भाची. अडालिमुमॅबची दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, बायोसिमिलर म्हणतात तिला, भारतात डिसेंबर २०१४ मध्येच आली, झायडसने आणली. युरोपात ऑक्टोबर २०१८ आणि अमेरिकेत जानेवारी २०२३. आणि अमेरिकेतलं मुख्य पेटंट कधी संपलं होतं, तर २०१६ ला! मधली सहा वर्षं कशावर काढली, तर त्याच औषधाभोवती घेतलेल्या शंभराहून जास्त पेटंटवर. बनवायची पद्धत, डोस, द्रावणातले घटक, कुठल्या आजारात द्यायचं ते. एकेक पेटंट कोर्टात पाडायचं म्हणजे दुसऱ्या कंपनीची कंबर मोडते, मग तडजोड होते आणि तडजोडीत तारीख ठरते.

आपल्याकडे याच्या आडवं येतं ते कलम ३डी. माहीत असलेल्या पदार्थाचंच नवीन रूप आणलं, दुसरा क्षार, दुसरा स्फटिक, तर त्याने औषधाचा गुण खरोखर वाढतो हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबची केस यावरच गाजली. नोव्हार्टिसने त्याच्या बीटा स्फटिकरूपावर पेटंट मागितलं, चेन्नईच्या पेटंट ऑफिसने नाकारलं, आणि सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला ते नाकारणंच कायम केलं. न्यायमूर्ती आफताब आलम आणि रंजना देसाई यांचं बेंच होतं. त्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा मूळ कंपनीचा घेतला तर लाखाच्या वर होता, आणि भारतीय जेनेरिकचा आठ-दहा हजार. ही गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते. त्या निकालाच्या दिवशी आमच्या डिपार्टमेंटमध्ये काम थांबलं होतं, सगळे एका कॉम्प्युटरभोवती, मी तो दिवस विसरणार नाही.

तरी सगळं ३डीवर सोडून चालत नाही. डापाग्लिफ्लोझिनचं बघा, त्याच्या कंपनीकडे दोन पेटंट, एक रेणूंच्या पूर्ण कुटुंबाचं जे ऑक्टोबर २०२० ला संपलं आणि दुसरं त्यातल्या त्याच एका रेणूचं, २०२३ पर्यंतचं. पहिलं संपल्याबरोबर भारतीय कंपन्यांनी गोळ्या आणल्या, मूळ कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली थांबवा म्हणून. कोर्टाने थांबवलं नाही. दोन न्यायमूर्तींच्या बेंचने जुलै २०२१ मध्ये म्हटलं की शोध एकच असेल तर त्यावर दोन पेटंट चालवता येणार नाहीत. याचा अर्थ लक्षात घ्या, अडीच वर्षांचा फरक पडला, आणि शुगरचे किती पेशंट आहेत आपल्याकडे, गोव्यात तर घरटी एक.

एक राहिलं. अमेरिकेत पेटंट चालू असेल तर तिथलं औषध खातं जेनेरिकला परवानगी देताना ते पेटंट बघतं, दोन्ही एकमेकांना बांधलेलं. भारतात बायरने तसंच मागितलं होतं आणि दिल्ली हायकोर्टाने नाही म्हटलं, सुप्रीम कोर्टातही डिसेंबर २०१० मध्ये ते टिकलं नाही. औषध सुरक्षित आहे की नाही हे औषध खात्याने बघायचं, पेटंटचं भांडण मालकाने कोर्टात करायचं.

साठ रुपयांची गोळी साडेपाचला देतात तेव्हा आत खडू तर नसेल ना? — काणकोण

नाही हो. आधीच्या भावात शोधाचा खर्च आणि मक्तेदारीचा नफा होता, गोळी बनवायचा खर्च तेव्हाही थोडक्या रुपयांतच होता. नवीन औषधाला पहिली चार वर्षं दिल्लीच्या केंद्रीय खात्याची मंजुरी लागते, त्यानंतर राज्याचं एफडीए, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासन, बनवायचं लायसन देऊ शकतं. पाण्यात नीट न विरघळणाऱ्या गटातल्या औषधांना २०१७ पासून बायोइक्विव्हॅलन्स सक्तीचं केलंय, म्हणजे रक्तात तेवढंच आणि तेवढ्याच वेगाने उतरतं हे दाखवायचं. खराब बॅचेस निघत नाहीत असं मी म्हणणार नाही, निघतात, मी स्वतः नापास केल्यात, पण त्या महाग ब्रँडच्याही निघतात. बिल घ्या, बॅच नंबर त्यावर असतो, काही वेगळं वाटलं तर तो नंबर घेऊन एफडीएकडे तक्रार करता येते. फिटच्या, थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची कंपनी मात्र सारखी बदलत बसू नका, एका कंपनीची लागली की तीच ठेवा, बदललीच तर डॉक्टरांना सांगून.

मुलगा जहाजावर असतो, तो परदेशातून माझी प्रेशरची गोळी आणतो, ओरिजिनल म्हणून. फायदा आहे का? — वास्को

काही नाही. प्रेशरच्या नेहमीच्या गोळ्यांची पेटंट कधीच संपलीत, आणि तिकडच्या बाटलीवर कुठे बनवलं ते वाचा, मेड इन इंडिया असायची शक्यता बरीच आहे, कदाचित तुमच्यापासून अर्ध्या तासावर वेर्ण्याला. त्याला दुसरं काही आणायला सांगा.

पेटंटला सामान्य माणूस हरकत घेऊ शकतो का? मी शाळेत शिकवते, कायद्यातलं काही कळत नाही, पण हे वाचून राग येतो. — पेडणे

घेऊ शकतो, बाई. पेटंट मंजूर व्हायच्या आधी कोणीही, अगदी कोणीही, लेखी हरकत घेऊ शकतं, कंपनी असायला पाहिजे असं नाही. मंजूर झाल्यावर एक वर्षाच्या आत मात्र ज्याचा त्यात संबंध आहे त्यालाच घेता येते.

यातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण टीबीचं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर बेडाक्विलिन नावाची गोळी आहे. ती यायच्या आधी अशा पेशंटना महिनोनमहिने इंजेक्शनं घ्यावी लागायची आणि त्यात कित्येकांचं ऐकू येणं जायचं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले, दोघींना टीबी झाला, दोघीही बऱ्या झाल्या आणि दोघींची श्रवणशक्ती उपचारात गेली. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ ला संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारावर दुसरं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. या दोघींनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. चार वर्षं लागली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने अर्ज नाकारला, आणि जुलैमध्ये मूळ पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली, त्याच वर्षी जागतिक खरेदीत सहा महिन्यांच्या कोर्सचा भाव जवळजवळ निम्म्याने उतरला. आपल्याकडे ही गोळी सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळते, त्यामुळे पेशंटला हा फरक दिसत नाही, पण सरकार त्याच पैशात दुप्पट लोकांना देऊ शकतं.

गोव्याचे अर्ज त्याच मुंबई ऑफिसकडे जातात. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिन्यांनी पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर जाहीर होतो, तिथे कोणालाही फुकट वाचता येतो, आणि हरकत फॉर्म ७ए वर घ्यायची, हे औषध आधीच माहीत होतं किंवा यात नवीन काही नाही याचे जुने लेख, जुनी पेटंट जोडून. शाळेतल्या बाईला एकटीने ते जमणं कठीण आहे, खोटं कशाला बोलू, यात रसायनशास्त्र लागतं, पण पणजीला फार्मसी कॉलेज आहे, ताळगावला विद्यापीठ आहे, मुलं हुशार आहेत, चार जण मिळून एखादा अर्ज वाचायला घेतला तर होण्यासारखं आहे. पूर्वी या हरकतीला फी नव्हती. मार्च २०२४ च्या नियमांनी ती लावली, आणि हरकत ऐकायची की नाही हे आधी कंट्रोलर, म्हणजे पेटंट ऑफिसचा अधिकारी, ठरवणार असंही केलं. मला ते मुळीच पटलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कोणी खरंच अर्ज वाचायला बसणार असाल तर मला याच पत्त्यावर कळवा, जुने लेख शोधायला मी मदत करेन, शनिवार-रविवार माझ्याकडे वेळ असतो.